वाचक विचारतात: ‘पॉवरस्लेव्ह’ आणि माझं पंधरावं वर्ष

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं, ‘आजवर ऐकलेल्यांतला एकच अल्बम जवळ ठेवायचा झाला, तर कोणता ठेवाल?’ आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा 1984 सालचा ‘पॉवरस्लेव्ह’, असं एका ओळीत उत्तर देऊन मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या एका ओळीवर महिनाभर पत्रं येत राहिली. काही चकित, काही रागावलेली, दोन-तीन अगदी जिवाभावाची. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी.

प्रश्न: इतकी वर्षं तुम्ही या पानावर सुरेल, शांत संगीताबद्दल लिहिता. आणि ठेवायचा एकच अल्बम म्हणजे हेवी मेटल? तो तुमच्यापर्यंत आला कसा, आणि त्यात असं काय होतं?
(एक जुनी वाचक)

हा अल्बम माझ्यापर्यंत अर्धवट आला. तो अर्धवट आला म्हणूनच इतका खोल रुतला, असं मला वाटतं.

माझा मामेभाऊ तेव्हा कॉलेजात होता. त्यानं कुणाकडून तरी मागून आणलेल्या कॅसेटवरून ‘पॉवरस्लेव्ह’ नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतला होता. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि अल्बम एकावन्न मिनिटांचा. दुसऱ्या बाजूला त्याच्या आवडीचं आधीच भरलेलं होतं आणि ते पुसायला तो तयार नव्हता. त्यामुळे टेप संपली तिथे अल्बम संपला. सुट्टीत ती कॅसेट माझ्याकडे आली ती कायमचीच. कव्हर नव्हतं. डबीतल्या कागदावर निळ्या बॉलपेननं बँडचं नाव आणि आठ गाण्यांची यादी, एवढंच.

यादीतलं आठवं गाणं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’. साडेतेरा मिनिटांहून लांब. एक म्हातारा खलाशी लग्नाला निघालेल्या पाहुण्याला वाटेत अडवतो आणि आपली गोष्ट ऐकवायला लागतो. त्याचं जहाज दक्षिणेला बर्फात सापडलेलं असताना एक अल्बट्रॉस पक्षी सोबतीला येतो. बर्फ फुटतो, वारा सुटतो. आणि हा खलाशी, काही म्हणजे काही कारण नसताना, त्या पक्ष्याला बाण मारतो. पुढे वारा पडतो. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. सोबती चिडून मेलेला पक्षी त्याच्याच गळ्यात अडकवतात. मग एक भुताचं जहाज जवळ येतं आणि त्यावर यांच्या जिवांसाठी फासे पडतात. हे सगळं भरधाव चाललेलं असतं, आणि एकाएकी वाद्यं मागे सरतात. बास गिटारचे मोजके सूर उरतात, जहाजाची लाकडं करकरतात, आणि एक खोल आवाज सांगतो की एकामागून एक खलाशी कोसळले, न कण्हता, न उसासा टाकता. चार वेळा पन्नास माणसं.

इथे माझी टेप संपायची. खट्ट करून बटण वर.

दोनशे माणसं मेलेली, एकटा म्हातारा जिवंत, आणि पुढे काय झालं ते कळायची सोय नाही. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘कुठल्याशा जुन्या कवितेवर आहे म्हणे ते.’ लायब्ररीत इंग्रजी कवितांचा एक जाडजूड संग्रह होता, त्यात ती सापडली. सॅम्युएल टेलर कोलरिजची कविता, 1798 मध्ये छापलेली. पहिल्यांदा आली तेव्हा पुस्तकावर कवीचं नावसुद्धा नव्हतं. सात भागांची लांबलचक कविता, भाषा मुद्दाम जुन्या वळणाची. एरवी मी दुसऱ्या पानावरच पुस्तक मिटलं असतं. पण गोष्ट मला अर्धी पाठ होती. गाण्यात कोलरिजच्या काही ओळी जशाच्या तशा घेतलेल्या आहेत. त्या कागदावर दिसल्या की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. शब्दकोश शेजारी ठेवून मी पुढे सरकत राहिले.

चौथ्या भागात मला हवं होतं ते मिळालं. मेलेल्या खलाशांचे डोळे म्हाताऱ्यावर रोखलेले आहेत. त्याला मरण येत नाही, प्रार्थना करायला जावं तर तीही फुटत नाही. समुद्रातल्या बुळबुळीत जीवांची त्याला किळस येते. मग एका रात्री, जहाजाच्या सावलीत पाण्यातले साप पोहताना दिसतात. निळे, चकाकते हिरवे, मखमली काळे, आणि त्यांच्या मागोमाग सोनेरी उजेडाची रेघ. ते इतके सुंदर असतात की तो नकळत त्यांना आशीर्वाद देतो. त्याच क्षणी गळ्यातला अल्बट्रॉस सुटतो आणि शिशासारखा समुद्रात बुडतो.

मला शाळेत ज्या बोधकथा शिकवल्या होत्या त्यांत आधी पश्चात्ताप यायचा, मग क्षमा. इथे माणसाला आधी काहीतरी सुंदर दिसतं, आणि ते दिसण्यानंच ओझं गळून पडतं. पंधराव्या वर्षी हे वाचून मी लायब्ररीत कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. चांगलं वागण्याचा आणि नीट बघण्याचा काही संबंध असू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर बराच काळ मला शेवट ठाऊक होता, पण त्याची चाल ठाऊक नव्हती. उरलेलं गाणं मी मनात रचायचे. साप कुठल्या सुरात येतील, पक्षी पडताना ढोल वाजेल की सगळं थांबेल, असं. पुढे कॉलेजात गेल्यावर पूर्ण कॅसेट हाती आली. त्या शांत जागेनंतर गायक जवळजवळ कुजबुजत परत येतो. आवाज पायरी-पायरीनं चढतो. पक्षी गळून पडतो, आणि पाऊस कोसळतो त्या शब्दाला सगळी वाद्यं एकदम कोसळतात. मी मनात रचलेलं त्याच्या जवळपासही नव्हतं. आजही ती जागा आली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि ती ऐकताना मी दुसरं काम करत नाही.

प्रश्न: मी प्रयत्न केला. खरंच केला. पण मला फक्त आरडाओरडा ऐकू आला. शब्द कळत नाहीत, चाल सापडत नाही. तुम्ही नेमकं काय ऐकता?
(सेवानिवृत्त शिक्षक, वय 67)

सर, तुम्ही वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अनोळखी संगीत लावून बसलात, याचा मला फार आनंद झाला.

पुन्हा लावाल तेव्हा गायक आणि गिटार दोन्ही सोडून द्या. बास ऐका, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार. स्टीव्ह हॅरिस हा या बँडचा संस्थापक, बहुतेक गाणी त्याचीच, आणि तो बास वाजवतो. इतर बँडमध्ये बास जमिनीसारखा खाली पसरलेला असतो. हॅरिसचा बास पुढे धावतो. तो बोटांनी वाजवतो, आणि तारांचा धातूचा खणखणाट स्पष्ट ऐकू येतो. त्याची आवडती लय म्हणजे एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. घोड्याची दौड. ही दौड एकदा कानाला सापडली की बाकीचा गोंगाट तिच्याभोवती आपोआप जागेवर बसतो. ड्रमवर निको मॅकब्रेन आहे. या संगीतातले अनेक वादक वेगासाठी दोन पायांनी दोन बास ड्रम वाजवतात. हा एकाच पायानं ते साधतो, म्हणून त्याच्या ठेक्यात जागा मोकळी राहते, श्वास घेता येतो.

बास सापडल्यावर मग गिटारकडे या. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ. कित्येक जागी दोघं तीच चाल दोन वेगवेगळ्या स्वरांवरून एकदम वाजवतात, दोन गळे जोडीनं गावेत तसं. तुम्हाला सापडत नसलेली चाल तिथे आहे. आणि शब्दांचं म्हणाल, तर ब्रूस डिकिन्सनचे उच्चार खरोखर स्वच्छ आहेत. तो घशातून खरखरत नाही, छाती भरून, लांब, खणखणीत स्वर लावतो. गाण्याचे शब्द छापलेले समोर ठेवून दोनदा ऐका. तिसऱ्यांदा कागद लागणार नाही.

दोनशे वर्षांपूर्वीची कविता आणि हे गाणं यांत मला एक गोष्ट फार आवडते. कोलरिजनं ती लिहायला घेतली तेव्हा तो पंचविशीचा होता. डिकिन्सन ती गायला तेव्हा तोही पंचविशीतच होता. म्हाताऱ्याची गोष्ट दोन्ही वेळा तरुणांनीच सांगितली.

प्रश्न: माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. दार लावून तासन्‌तास असलीच गाणी ऐकते. मी काहींचे शब्द शोधून वाचले. युद्ध, प्रेतं, मरण. मला भीती वाटते. तुमच्या आईला वाटली नव्हती का?
(एक आई)

वाटली होती. तिनं एकदा विचारलं, ‘यात एवढं काय आहे गं?’ आणि मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, म्हणून तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

चौदा-पंधराव्या वर्षी मला रात्री एकच विचार छळायचा. आपण मरणार. कधीतरी नाही, नक्की. आई-बाबाही मरणार. दिवसा तो विचार जायचा, दिवा मालवला की यायचा. मी एकदा मोठ्यांपाशी विषय काढला. ‘असलं काही बोलू नये’ म्हणून त्यांनी तो तिथेच मिटवला. प्रेमापोटीच मिटवला. पण मी त्या विचारासोबत आणखी एकटी पडले.

मग ही कॅसेट आली. तिच्यात जवळजवळ प्रत्येक गाणं मरणाभोवती फिरतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या दारानं. ‘एसेस हाय’मध्ये 1940 च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतला वैमानिक आहे: भोंगा वाजतो, तो धावत स्पिटफायर विमानात चढतो, आणि वर गेल्यावर विचाराला वेळच नसतो. ‘द ड्युएलिस्ट्स’मध्ये दोघं तलवारी घेऊन समोरासमोर उभे आहेत आणि त्यांतला एक उरणार नाही. आणि अल्बमला ज्याचं नाव दिलं ते ‘पॉवरस्लेव्ह’ इजिप्तच्या राजाच्या तोंडी आहे. तिथे जिवंत राजाला होरस देवाचं रूप मानत आणि मेलेल्याला ओसायरिसचं. या राजाला सगळ्यांनी आयुष्यभर देव म्हटलं, आणि आता तो मरायला टेकलाय. तो विचारतो, मी देव आहे ना, मग मला का मरावं लागतंय? ज्याच्या हाती सगळी सत्ता, तो मरणाच्या सत्तेचा गुलाम.

हा माझाच प्रश्न होता. मी पांघरुणात विचारत होते, तो सोन्याचा मुकुट घालून विचारत होता. तो इतक्या मोठ्यानं विचारतोय, ड्रम आणि गिटार लावून विचारतोय, हजारो माणसं त्याच्यासोबत ते गातात, हे कळल्यावर माझी भीती गेली नाही, पण तिची लाज गेली. त्या भीतीला एक आकार मिळाला, लय मिळाली. सात मिनिटांनी गाणं संपायचं आणि मला झोप लागायची. खरंच लागायची.

म्हणून तुमची मुलगी मरणाची गाणी ऐकते यावरून ती मरणाकडे ओढली जाते आहे, असं समजू नका. बहुधा ती त्या विचाराशी झुंजते आहे आणि तिला सोबत सापडली आहे. मात्र ती जेवेनाशी झाली, झोप उडाली, मैत्रिणी सुटल्या, स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगणं नको झाल्याबद्दल बोलली, तर गाण्यांचा विषय बाजूला ठेवून तिच्याशी सरळ, न घाबरता बोला आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. तशी लक्षणं भजनं ऐकणाऱ्या मुलांतही दिसतात आणि तिथेही हेच करायचं असतं.

एरवी, दारावर टकटक करा आणि म्हणा, ‘तुझं सगळ्यांत आवडतं एक लाव, मी शेवटपर्यंत ऐकते.’ मध्ये बोलू नका. संपल्यावर ‘छान आहे’ असंही खोटं म्हणू नका. गाणं कशाबद्दल आहे ते तिला सांगू द्या. माझ्या आईनं तो एक प्रश्न विचारून दोन मिनिटं थांबून पाहिलं असतं तर मी तिला म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट सांगितली असती.

प्रश्न: अल्बमवर सांगाडा आहे म्हणे. ही सैतानाची पूजा नव्हे का?

नाही. तो एडी. बँडचा कायमचा सोबती, डेरेक रिग्ज या चित्रकारानं काढलेला, आणि तो जवळपास प्रत्येक अल्बमवर वेगळ्या वेषात येतो. ‘पॉवरस्लेव्ह’वर तो फेरोच्या भव्य पुतळ्याच्या रूपात सिंहासनावर बसलाय, मागे पिरॅमिड. मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलं ते फार उशिरा, मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर, भिंग घेऊन. दगडांवर इतकं बारीक काम आहे की संध्याकाळ गेली. रिग्जनं त्यात गमती दडवल्यात: कुठे इंडियाना जोन्स इथे येऊन गेल्याची नोंद, कुठे मिकी माऊसचा चेहरा. सैतानाचा आरोप या बँडवर त्यांच्या 1982 च्या अल्बमनंतर अमेरिकेत झाला आणि तेव्हा काही लोकांनी तबकड्या जाळल्या. ‘पॉवरस्लेव्ह’मध्ये तर सैतान औषधालाही नाही. आहे ती 1798 ची कविता.

प्रश्न: ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ या नावातली दोन मिनिटं कशाची?
(अकरावीतला विद्यार्थी)

फार चांगलं विचारलंस. अणुशास्त्रज्ञांच्या एका अमेरिकन नियतकालिकानं 1947 मध्ये मुखपृष्ठावर एक घड्याळ छापलं. मध्यरात्र म्हणजे मानवजातीचा सर्वनाश, आणि काटा त्याच्या किती जवळ आहे ते शास्त्रज्ञ ठरवतात. 1953 मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही नव्या प्रचंड बॉम्बच्या चाचण्या केल्यावर, काटा मध्यरात्रीला दोन मिनिटं कमी असा आला. गाण्याचं नाव तिथून. अल्बम निघाला त्या 1984 मध्ये शास्त्रज्ञांनी काटा तीन मिनिटांवर आणून ठेवला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती जुनी गोष्ट वाटण्याचं कारण नव्हतं.

गाण्याचा राग बॉम्बवर कमी आणि युद्धातून पैसा आणि सुख मिळवणाऱ्यांवर जास्त आहे. स्मिथ आणि डिकिन्सननं मिळून ते लिहिलंय. मी ते ऐकून घड्याळाची माहिती शोधली, मग हिरोशिमाबद्दल वाचलं, मग इतिहासाच्या पुस्तकातला तो एक परिच्छेद मला पुरेनासा झाला. 2018 मध्ये काटा पुन्हा दोन मिनिटांवर आल्याची बातमी वाचली तेव्हा माझ्या डोक्यात आधी त्या गाण्याची गिटार वाजली, मग बातमीचा अर्थ पोचला.

प्रश्न: अल्बममधलं प्रत्येक गाणं तुम्हाला तितकंच आवडतं का? खरं सांगा.

नाही. पहिली दोन आणि शेवटची दोन गाणी म्हणजे डोंगर आहेत, मधला भाग पठार. ‘फ्लॅश ऑफ द ब्लेड’ची सुरुवातीची गिटार मला आवडते. डिकिन्सन स्वतः उत्तम तलवारबाज होता, स्पर्धांत खेळायचा, आणि ते गाणं त्याचंच आहे, त्यामुळे त्यात हौसेचा जोर आहे. पण लगेच पुढचं गाणंही तलवारींवरच, आणि ते लांबतं. ‘बॅक इन द व्हिलेज’ घाईत उरकल्यासारखं वाटतं. शब्दांशिवायचा ‘लॉसफर वर्ड्स’ मी पूर्वी पुढे ढकलायचे, आता बास ऐकायला थांबते.

प्रश्न: मुलगी असून हे ऐकणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल. विचित्र वाटायचं का? माझ्या वर्गात मला सगळे तेच विचारतात.
(वय 15, मुलगी)

तुझ्या पत्राचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. त्यातलं इथे एवढंच छापलंय, बाकीचं मी जपून ठेवलंय.

हो, वर्गात मी एकटीच होते. मुलं विचारायची, ‘बँडमधल्या पाच जणांची नावं सांग बघू,’ जणू परीक्षाच. मी सांगायचे. मग ते आणखी अवघड काहीतरी विचारायचे. तुलाही हे करत असतील, तर एकदा उत्तर दे आणि दुसऱ्यांदा देऊ नकोस. आवडीसाठी प्रवेशपरीक्षा नसते.

पण पूर्ण एकटी मी फार दिवस राहिले नाही. माझ्या शेजारच्या बाकावर एक अगदी अबोल मुलगी बसायची. एकदा मधल्या सुट्टीत तिनं विचारलं, ‘तू वहीच्या मागे काय लिहितेस?’ मी कानानं ऐकून गाण्याचे शब्द उतरवत होते. मध्ये मध्ये गाळलेल्या जागा सोडलेल्या. वॉकमनचे हेडफोन स्पंजाचे होते. ते वळवून एक बाजू तिच्या कानाला, एक माझ्या कानाला, असं डोकी चिकटवून आम्ही ‘एसेस हाय’ ऐकलं. तिनं माझ्या तीन गाळलेल्या जागा भरल्या. तिचे कान माझ्याहून तिखट होते. पुढे वही आम्हा दोघींची झाली, आणि आजही तिला कुठलं नवं गाणं आवडलं की ती आधी मला फोन करते.

आणखी एक सांगते. या अल्बमचा दौरा ऑगस्ट 1984 मध्ये सुरू झाला तो पोलंडमध्ये, वॉर्सॉला. तेव्हा तिथे कम्युनिस्ट राजवट होती, पाश्चात्त्य बँड पूर्ण रंगमंच, दिवे, सगळा सरंजाम घेऊन तिकडे सहसा जात नसत. हे गेले. त्या कार्यक्रमांची चित्रफीत मी पाहिली आहे. गर्दीत पुढे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही आहेत, ओठ हलताहेत, परक्या भाषेतले शब्द पाठ आहेत. तुझ्या वर्गात तू एकटी असशील. पण ओळीत खूप जणी आहेत, माझ्याही आधीपासून.

प्रश्न: आता पन्नाशीनंतरही तितकंच भिडतं? की फक्त आठवणी?

आठवणी असतातच, पण गाणं माझ्यासोबत बदललं. पंधराव्या वर्षी मी स्वतःला खलाशी समजायचे. आता मला लग्नाचा तो पाहुणा जास्त जवळचा वाटतो. त्याला घाईनं कुठेतरी आनंदाला जायचं असतं, आणि कुणीतरी अनोळखी त्याला धरून दुःखाची गोष्ट ऐकवतो. तो ऐकतो. लग्नाला न जाता परत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक उदास, अधिक शहाणा होऊन उठतो. मी आता कितीतरी जणांचं ऐकून घेते: म्हातारे नातेवाईक, दवाखान्याच्या बाकावरची माणसं, तुमची पत्रं. उठून जावंसं वाटतं तेव्हा तो पाहुणा आठवतो.

2015 च्या सुरुवातीला डिकिन्सनच्या जिभेला कर्करोग झाल्याची बातमी आली. मी घरात कुणाला न सांगता रडले. उपचार झाले, तो बरा झाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा रंगमंचावर गायला. त्या दौऱ्यात बँडच्या लोकांना नेण्यासाठी जे मोठं विमान वापरत होते, ते उडवायलाही तो स्वतःच बसला होता, कारण मधल्या काळात तो व्यावसायिक वैमानिक झाला होता. ‘एसेस हाय’ गाणाऱ्या माणसाला हे शोभतं.

प्रश्न: पटलं. सुरुवात कुठून करू?
(अनेक वाचक)

शेवटच्या गाण्यापासून. आधी कोलरिजच्या कवितेचे पहिले तीन भाग वाचा. तिसऱ्याच्या अखेरीस खलाशी मरतात. तिथे पुस्तक मिटून गाणं लावा आणि पुढची गोष्ट गाण्याकडून ऐका. उरलेले चार भाग नंतर वाचा. मग ‘पॉवरस्लेव्ह’ हे गाणं, मग पहिल्यापासून सगळं. एका बैठकीत, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. हेडफोन लावलेत तर आवाज निम्म्यावर ठेवा. हे संगीत मोठ्या आवाजातच ऐकायचं असतं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कान एकदा गेले की परत मिळत नाहीत.

आवडलं, तर त्याच दौऱ्यात ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ घ्या, 1985 चा. दुहेरी तबकडीच्या पहिल्या तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या, चौथी लंडनच्या हॅमरस्मिथची. ‘एसेस हाय’च्या आधी तिथे चर्चिलचं 1940 चं भाषण ऐकू येतं, आणि ‘राइम’ पूर्ण वाजवलेलं आहे, शांत जागेसकट. त्या जागेत हजारो माणसं कशी गप्प राहतात, ते ऐकण्यासाठी तरी घ्याच.